बंद पाकिटातील पत्ते आणि दुसऱ्याच्या गोदामातील माल

आर्थिक वर्षाचा हिशोब बंद करायला आम्ही बसलो होतो. घाटकोपर पश्चिमेला आमचे कापडाचे दुकान आहे. ड्रेस मटेरियल, दुपट्टे, अस्तर, आणि थोडा अजरख व बांधणीचा माल. मुनीमजींनी एका बाजूला बँकेचा उतारा व दुसऱ्या बाजूला रोजमेळ ठेवला, आणि त्यांची पेन्सिल मध्येच थांबली. दुकानाच्या खात्यातून लहान लहान रकमा गेल्या होत्या. ८९ रुपये, १७९ रुपये, ४४९ रुपये, पुन्हा ८९. चालान नाही, बिल नाही, रोजमेळात नोंद नाही. तीन महिन्यांची बेरीज निघाली ११,४०० रुपये.

हमालाला, चहावाल्याला आणि टेम्पोवाल्याला पैसे देण्यासाठी दुकानाचा मोबाईल गल्ल्यावर असतो. त्याचा पिन आम्हाला, मुनीमजींना आणि आमच्या भाच्याला ठाऊक. भाचा अंधेरीला राहतो, कॉलेज करून दुपारी मेट्रोने दुकानात येतो. मुलगा प्रामाणिक आहे. विचारताच मान खाली घालून म्हणाला, "मामू, मी पत्ते घेतले."

पत्ते म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे तीनपत्तीचा अड्डाच उभा राहिला. आमचा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, "तसले पत्ते नाहीत मामू. लढाईचे आहेत. डोकं लावावं लागतं."

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही त्याच्याकडून हा धंदा समजून घेतला. धंदाच म्हणतो, कारण खेळ हा त्याचा फक्त दर्शनी भाग आहे. ज्या व्यापारी बंधूंच्या गल्ल्यावर मुलगा, पुतण्या वा भाचा बसतो, त्या सर्वांना हा माल काय आहे, कसा विकला जातो आणि विकत घेणाऱ्याच्या हाती नेमके काय येते, हे माहीत असणे जरुरीचे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच. आमचा भाचा खेळत होता तो खेळ वेगळा. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. समजावण्यासाठी आम्ही ह्याच जातीचा नामांकित खेळ घेतो, हार्थस्टोन. त्याचे दर व नियम उघड आहेत, आणि त्यात आपल्या देशाच्या एका मुलाने पदकही मिळवले आहे.

हार्थस्टोन हा अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीचा खेळ. मार्च २०१४ मध्ये तो संगणकावर रीतसर सुरू झाला आणि २०१५ मध्ये मोबाईलवर आला. योगायोग असा की घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोही २०१४ च्या जूनमध्येच धावू लागली. भाचा सांगतो की अंधेरीहून घाटकोपर येईपर्यंत असल्या खेळाचे दोन डाव आरामात होतात. म्हणजे आम्ही समजत होतो की पोरगा गाडीत बसून अभ्यास करतो.

खेळाची रीत अशी. इंटरनेटवरून दोन खेळाडू समोरासमोर येतात. एक मालाडला असेल, दुसरा मलेशियात. प्रत्येकाकडे ३० पत्त्यांचा संच असतो आणि तो आधीच विचार करून निवडलेला असतो. तोच पत्ता संचात दोनपेक्षा जास्त वेळा ठेवता येत नाही, आणि सर्वांत दुर्मीळ जातीचा तर एकदाच. दोघांचा एकेक नायक, त्याचे प्राण ३०. समोरच्याच्या नायकाचे प्राण शून्यावर आणले की डाव जिंकला. कुठला पत्ता शिपाई आहे, कुठला मंत्र, कुठला हत्यार.

खरी मेख भांडवलात आहे. प्रत्येक पत्त्यावर त्याची किंमत लिहिलेली असते, आणि ती 'माना' नावाच्या खड्यांत चुकवायची असते. पहिल्या पाळीला एक खडा मिळतो, दुसऱ्या पाळीला दोन, असे वाढत वाढत दहापर्यंत. न वापरलेला खडा पुढच्या पाळीला चालत नाही. रोज सकाळी नवे भांडवल मिळावे, पण कालची शिल्लक पुढे ओढता येऊ नये, तसा हा मामला. आता ज्याने हावेपोटी सगळे भारी पत्तेच भरले, तो पहिल्या चार-पाच पाळ्या शटर अर्धे लावून बसतो, आणि तोवर समोरचा त्याला लुटून नेतो. ज्याने सगळा हलका माल भरला, त्याचा साठा सहाव्या पाळीलाच संपतो. ईदच्या मोसमात दुकानात नुसते भारी शरारे भरले आणि अस्तर, लेस, साधी ओढणी काहीच ठेवले नाही, तर गिऱ्हाईक पायरी उतरून शेजारी जाते. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही भाच्याने फोन हातात दिला तेव्हा, पस्तीस वर्षे गल्ल्यावर बसलेले आम्ही, एक मोठा पत्ता जपून ठेवण्याच्या नादात सातव्याच पाळीला हरलो.

ज्याची पाळी दुसरी येते त्याचे नुकसान होऊ नये म्हणून त्याला एक पत्ता जास्त मिळतो आणि शिवाय एक नाणे, जे मोडले की एका पाळीपुरता एक खडा अधिक. उशिरा दुकान उघडणाऱ्याला दिलेली ही सवलत आम्हाला फार आवडली. खेळ ज्यांनी रचला ती माणसे हुशार आहेत, ह्यात शंका नाही.

पत्त्यांची ही हौस आजची नाही, आणि परकी तर मुळीच नाही. सावंतवाडीची गंजिफा आपल्यापैकी पुष्कळांनी प्रदर्शनात पाहिली असेल. नाव फारसी, खेळ मोगलांच्या दरबारातला, आणि तो कोकणात जाऊन दशावताराचा झाला. दशावतारी गंजिफेत १० रंग, प्रत्येकात राजा, वजीर व एक ते दहा असे १२ पत्ते, एकूण १२० गोल पत्ते. कापड धंद्यातल्या माणसाला विशेष वाटावे ते असे की हे पत्ते मुळात कापडाचे. कापडावर चिंचोक्याची खळ चढवून, घोटून, रंगवून वर लाखेचा हात देत. पूर्ण संच एकदाच विकत घ्यायचा आणि नातवंडांपर्यंत खेळायचा.

एकेक पत्ता बंद पाकिटातून जमवत जाण्याचा, जमवलेल्यातून आपला संच बांधून लढण्याचा प्रकार १९९३ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. रिचर्ड गारफिल्ड ह्या गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने तो छापून विकला. तो कागदी पत्त्यांचा होता. पाकिटात काय निघेल हे तिथेही नशिबावर होते. पण निघालेला पत्ता तुमचा. तो खिशात ठेवा, मित्राला द्या, बदला, विका. जुन्या दुर्मीळ पत्त्यांचा पुढे लिलावही होऊ लागला. मोबाईलमधल्या पत्त्यांत नेमका हाच भाग गळून पडला.

पाकिटाचा भाव

हार्थस्टोनच्या पाकिटात पाच पत्ते निघतात. जाती चार: साधा, दुर्मीळ, एपिक आणि सर्वांत वरचा लेजंडरी. प्रत्येक पाकिटात एक तरी दुर्मीळ किंवा त्यावरचा पत्ता असतोच. एपिक सरासरी ५ पाकिटांमागे एक, लेजंडरी सरासरी २० पाकिटांमागे एक. सलग ४० पाकिटांत एक लेजंडरी निघाल्याशिवाय राहत नाही, अशीही व्यवस्था आहे. आता भाव पाहा. मूळ दर दोन पाकिटांना २.९९ डॉलर आणि ४० पाकिटांच्या लॉटला ४९.९९ डॉलर. म्हणजे ठोक भावाने घेतले तरी एका लेजंडरीमागे सरासरी २५ डॉलर, आपले दोन हजार रुपयांवर गेले. बरे, जो हवा आहे तोच लेजंडरी निघेल असे नाही. कंपनी दर काही महिन्यांनी नवा संच आणते आणि प्रत्येक संचात लेजंडरी बरेच असतात.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की पैसे न देताही खेळता येते. खेळून खेळून खेळातले सोने मिळते, १०० सोन्याला एक पाकीट. कित्येक मुले एक पैसाही न घालता वर्षानुवर्षे खेळतात. पण त्यात वेळ जातो, आणि घाई झालेल्या गिऱ्हाईकासाठीच दुकानाचा दुसरा दरवाजा ठेवलेला असतो.

आमच्या धंद्यात बंद गाठीचा सौदा होतो. सेकंडचा माल गाठ न उघडता घ्यायचा, आत निघेल ते आपले. बापजाद्यांनी त्यात कमावलेही आणि गमावलेही. मात्र गाठीतून अगदी फेंट आणि चिंध्या निघाल्या तरी त्या वजनावर जातात. चिंधीलाही मुंबईत गिऱ्हाईक आहे. पाकिटातून निघालेल्या नकोशा पत्त्याचे काय होते?

त्याला एकच गिऱ्हाईक, खुद्द कंपनी. पत्ता मोडला की त्याची 'धूळ' मिळते आणि ती धूळ साठवून हवा तो पत्ता घडवता येतो. साधा पत्ता घडवायला ४० धूळ लागते, मोडला तर ५ मिळते. दुर्मीळचे १०० आणि २०. एपिकचे ४०० आणि १००. लेजंडरीचे १,६०० आणि ४००. म्हणजे साध्या मालावर रुपयाचे दोन आणे परत, आणि सर्वांत भारी मालावर चार आणे. सोनारसुद्धा एवढी घट धरत नाही. विक्रीचा भाव कंपनीचा, परतीचा भावही कंपनीचा, आणि ह्या बाजारात दुसरी पेढीच नाही. एक पत्ता दुसऱ्या खेळाडूला देण्याची, बदलण्याची वा विकण्याची सोय हार्थस्टोनमध्ये नाही.

चीनमध्ये २०१७ मध्ये सरकारने नियम लागू केला की असल्या पाकिटांत काय निघण्याची शक्यता किती, हे कंपन्यांनी जाहीर करावे. तेव्हा तिथे एक नामी शक्कल निघाली. गिऱ्हाईकाला थोडीशी धूळ विकायची आणि तिच्यावर पाकिटे 'भेट' म्हणून द्यायची. साडीच्या किमतीत ब्लाऊजपीस विकून वर साडी मोफत, असे आम्ही दुकानाबाहेर लिहिले तर लोक हसतील. तिकडे ते कायद्याच्या चौकटीत बसवले गेले.

आणखी एक गोष्ट कपडेवाल्यांना लगेच कळेल. २०१६ पासून हार्थस्टोनच्या मुख्य स्पर्धांत फक्त अलीकडच्या काळातले संच चालतात. दरवर्षी जुने संच त्यातून बाहेर पडतात आणि वेगळ्या, मोकळ्या प्रकारात जातात. गेल्या सालचे डिझाईन यंदा चालत नाही, तसेच. फरक एवढाच की आपल्याकडे फॅशन गिऱ्हाईक बदलते, इथे तारीख ठरवून कंपनी बदलते. शिवाय एखादा पत्ता फारच जिंकू लागला तर कंपनी त्याची ताकद विकल्यानंतरही कमी करते. अशा वेळी काही दिवस त्याची पूर्ण धूळ परत देते, हे खरे. पण विकलेल्या ताग्याचा पन्हा गिऱ्हाईकाच्या कपाटात बसून कमी करता येतो, ही कल्पनाच आम्हाला नवी होती.

मग पत्ते विकण्याची मुभा दिली असती तर सगळे सुरळीत झाले असते का? तेही एकाने करून पाहिले. वाल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये 'आर्टिफॅक्ट' नावाचा खेळ काढला. रचणारे तेच रिचर्ड गारफिल्ड. आत यायला सुमारे २० डॉलर, आणि पत्ते खुल्या बाजारात घेता-विकता येत. काही महिन्यांत खेळणारेच उरले नाहीत, आणि मार्च २०२१ मध्ये कंपनीने काम थांबवून खेळ फुकट करून टाकला. ज्या बाजारात गिऱ्हाईक फिरकत नाही, तिथे मालाची मालकी असून काय उपयोग.

भूजचा मुलगा

अजरखाच्या खरेदीसाठी आमचे भूज आणि अजरखपूरला जाणे असते. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याहून उठलेल्या खत्री कारागिरांनी वसवलेले ते गाव. इकडे मुलुंड-घाटकोपरच्या बाजारात कच्छी व्यापारी आमचे शेजारी. त्यामुळे भूजचे नाव निघाले की आमचे कान टवकारतात. भाच्याने सांगितले की हार्थस्टोनमध्ये भारताला पदक मिळवून देणारा खेळाडू भूजचाच, तीर्थ मेहता.

२०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्स हा प्रकार प्रदर्शनापुरता ठेवला होता. दक्षिण आशियाच्या पात्रता फेरीतून तीर्थ मेहता तिथे गेला आणि हार्थस्टोनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. सुवर्ण हाँगकाँगला गेले, रौप्य इंडोनेशियाला. प्रदर्शनी प्रकार असल्याने ते पदक देशाच्या पदकसंख्येत धरले गेले नाही. पुढच्या आशियाई स्पर्धा चीनमधल्या हांगचौ शहरात होत्या, आणि तिथे ई-स्पोर्ट्सला प्रथमच पूर्ण पदकांचा मान मिळाला. जाहीर झालेल्या खेळांत हार्थस्टोन होता, आणि भारताच्या संघात तीर्थ मेहताही होता.

आता इथे लक्ष द्यावे. चीनमध्ये ब्लिझार्डचे खेळ चालवण्याचा परवाना नेटईज ह्या चिनी कंपनीकडे २००८ पासून होता. दोघांचा करार संपत आला, नव्या अटींवर एकमत झाले नाही, आणि २३ जानेवारी २०२३ रोजी चीनमधले सर्व्हर बंद करण्यात आले. लाखो खेळाडूंचे पत्ते होते तिथेच राहिले, पण दार बंद. कोणी वर्षानुवर्षे जमवलेले, कोणी पगारातून घेतलेले. चोरी झाली नाही, आग लागली नाही. दोन पेढ्यांचे भांडण झाले आणि गोदामाला कुलूप पडले. ह्या भांडणाचा फटका स्पर्धेलाही बसला. हांगचौच्या यादीतून हार्थस्टोन वगळण्यात आला. स्पर्धा २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाल्या आणि आपला तयार खेळाडू त्या खेळात उतरूच शकला नाही. तो हरला असता तर गोष्ट निराळी. पुढे दोन्ही कंपन्यांचे जुळले आणि २५ सप्टेंबर २०२४ रोजी चीनमध्ये हा खेळ पुन्हा सुरू झाला, वीस महिन्यांनी.

आमच्या दुकानाच्या माळ्यावर अजरखाचे काही तागे वीस वर्षांपासून पडून आहेत. ज्याने ते छापले तो कारागीर निवृत्त झाला, ज्या पेढीकडून घेतले ती बंद झाली, पण तागा आमचा आहे आणि आजही मीटरने विकता येतो. भाच्याला हे दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, म्हणजे मी माल घेतलाच नाही. बघायचं भाडं दिलं." आम्हाला ह्याहून नेमका शब्द सुचला नसता.

हा जुगार आहे काय, असा प्रश्न वाचक विचारतील. कायद्याच्या दृष्टीने पाहता, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांविषयी जो कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आली. मुंबईच्याच ड्रीम इलेव्हनने तेव्हा आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे खेळ त्या बंदीतून वेगळे ठेवले आहेत. पत्त्यांच्या खेळात पाकीट घेऊन रोख पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तो त्या व्याख्येत सरळ बसत नाही. बेल्जियमने मात्र २०१८ मध्येच अशा नशिबाच्या पाकिटांना जुगारात धरले. दीनच्या दृष्टीने, डाव खेळणे आणि पाकीट घेणे ह्या दोन वेगळ्या बाबी आहेत, एवढे आम्हाला कळते. पाण्यातला मासा पकडण्याआधी विकू नये, ही मनाई प्रत्येक व्यापाऱ्याच्या कानावर पडलेली आहे. बंद पाकिटाचा सौदा त्याच्या किती जवळचा, हे आलिमांना विचारावे. फतवा देणे आमचे काम नाही.

दुकानात आम्ही काय केले तेवढे सांगतो. गल्ल्यावरच्या फोनचा पिन बदलला आणि चहा-हमालीसाठी वेगळे खाते उघडून त्यात आठवड्यापुरतेच पैसे ठेवले. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू केली. यूपीआयमध्ये ऑटोपेची यादी असते, ती उघडून पाहिली. तिथे दर महिन्याचे १७९ रुपये अजून जिवंत होते, ते रद्द केले. चुकून झालेली खरेदी ४८ तासांच्या आत कळली तर गूगलकडे परताव्याची मागणी करता येते. आम्हाला ती तीन महिन्यांनी कळली, तेव्हा तो रस्ता बंद होता.

बहिणीचे म्हणणे होते की फोनच काढून घ्यावा. आम्ही तसे केले नाही. ११,४०० रुपये त्याच्या नावे खतावणीत लिहिले, आणि मोसमातल्या त्याच्या पगारातून दरमहा दीड हजार वळते होतात. खेळ तो अजून खेळतो, पाकिटे मात्र खेळून मिळालेल्या सोन्यानेच घेतो. मुनीमजींनी त्या खात्याला काय नाव द्यावे म्हणून विचारले. आधी 'खेळ खर्च' लिहिले होते. भाच्याने स्वतःच ते खोडायला लावले आणि त्या जागी 'भाडे' लिहायला सांगितले.